रावजी पाटलाची सहाबारी

रावजी पाटलाच्या थोरल्या मुलीचे, राहीचे, लग्न झाले ते वर्ष एकोणीसशे बावन्न. त्या लग्नात दोन भावांचे बोलणे तुटले, आणि ते तुटले म्हणूनच पुढच्या वर्षी मी त्या घरात आले. मित्रांनो, मी एक जुनी पिस्तूल आहे. माझ्या पोटात फिरणारी चक्री आहे आणि तिच्यात गोळ्यांसाठी सहा घरे आहेत, म्हणून गावचे लोक मला सहाबारी म्हणत. आता मी रेवदंड्याच्या पोलीस ठाण्यातल्या एका लोखंडी कपाटात पडून आहे. अंगावर गंज चढला आहे. मुठीचे लाकूड तडकले आहे. तरी मी सुखी आहे. का सुखी आहे, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म विलायतेतल्या एका कारखान्यात झाला. पोलाद तापवून, कापून, घासून मला घडवले. मुठीला अक्रोडाच्या फळ्या बसवल्या. माझ्याबरोबर तयार झालेल्या कितीतरी बहिणी लढाईवर गेल्या. त्यांचे पुढे काय झाले ते मला ठाऊक नाही आणि जाणून घेण्याची इच्छाही नाही. मी मात्र बोटीने मुंबईला आले. बंदरात माल उचलणाऱ्या याऱ्या दुरुस्त करणाऱ्या एका गोऱ्या साहेबाने मला घेतले आणि टेबलाच्या खणात, सिगारेटच्या डब्याशेजारी ठेवून दिले. त्याने मला फारसे हातात धरले नाही. सत्तेचाळीस साली स्वराज्य आले, साहेब आपल्या मुलखाला निघाला. जाताना त्याने पियानो विकला, कुत्रा शेजाऱ्याला दिला आणि मला फोर्ट भागातल्या एका बंदुकीच्या दुकानात सोडले.

त्या दुकानात मी काचेच्या कपाटात काही वर्षे काढली. लोक येत, पाहत, दुसरीच एखादी घेऊन जात. कपाटातल्या वस्तूला एकच ओढ असते, की आपल्याला कुणीतरी न्यावे. कशासाठी न्यावे, हा विचार तिच्या मनात येत नाही. माझ्याही आला नव्हता.

आता रावजीकडे वळते. कुलाबा जिल्ह्यात, चौलच्या पलीकडे, खाडीच्या काठाला त्याचे गाव होते. गावची भातशेती खाऱ्या पाण्याच्या अगदी उशाला. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा एक लांब बांध, एवढाच काय तो आधार. बांध फुटला, म्हणजे त्या लोकांच्या भाषेत खांड गेली, की उधाणाचे पाणी भातात शिरायचे आणि पुढची दोन-तीन वर्षे जमीन रुसून बसायची. म्हणून बांधामागच्या प्रत्येक घराने एक माणूस बांधाच्या कामाला द्यायचा, अशी जुनी रीत होती. त्याला ते जोळ म्हणत. जोळाची हाळी घरोघर द्यायची, आणि ज्या दारात हाळी दिली नाही ते घर गावातून उठल्यासारखे व्हायचे. रावजी गावचा पोलीस पाटील, आणि जोळही त्याच्याच हुकमाने चाले.

अंबाजी त्याचा पाठचा भाऊ. घरे शेजारी, शेते शेजारी. राहीच्या लग्नात मांडवाची पहिली मेढ रोवायची होती. त्या मेढीला घरातल्या सगळ्या भावांचे हात लागावे लागतात. अंबाजी मांडवासाठी झावळ्या आणायला होडी घेऊन गेला होता आणि ओहोटी लागल्याने होडी चिखलात रुतून बसली. इकडे भटजी घाई करू लागले. रावजीने भावाची वाट न पाहता मेढ रोवली. अंबाजी आला, त्याने उभी मेढ पाहिली, डोक्यावरच्या झावळ्या अंगणात टाकल्या आणि तो आपल्या घरी गेला. पुतणीच्या लग्नात तो जेवला नाही. दोन्ही घरांच्या मधल्या कुडातून जाणारी वाट त्या दिवशी बंद झाली.

त्याच पावसाळ्यात उघाडीजवळ खांड गेली. उघाडी म्हणजे बांधातले पाणी सोडायचे दार. रावजीचे सगळ्यात चांगले भात तिथेच उभे होते, ते पिवळे पडून मेले. मग सदा नावाचा माणूस, जो माडांवर चढून माडी काढत असे, त्याने माडावरून उतरून सांगितले, की आदल्या पहाटे आपण अंबाजीला उघाडीपाशी फावडे घेऊन वाकलेले पाहिले. सदा खोटे बोलत नव्हता. त्याने जे पाहिले तेच सांगितले. पण एवढे पुरले. रावजीने ठरवले, की अंबाजीच्या दारात जोळाची हाळी जाणार नाही. आणि मनात आणखीही काही ठरवले, ते त्याने कुणाला सांगितले नाही. तो अलिबागला जाऊन परवान्याचा अर्ज देऊन आला. रानडुकरे फार झाली आहेत, असे त्याने तिथे सांगितले.

त्रेपन्न सालची दिवाळी होऊन गेल्यावर परवाना मिळाला आणि तो रेवसहून लाँचने मुंबईला आला. एकटा नव्हता. बायको आवडाबाई बरोबर होती. घरात नवे जनावर येणार तर ते मी पारखून आणीन, असे म्हणून ती लाँचमध्ये चढली होती.

दुकानदार पारशी होता. त्याने आधी विचारले, की पूर्वी काय चालवले आहे. रावजी म्हणाला, गोफण. दुकानदाराला हसू आले, पण त्याने ते आवरले आणि नवख्या माणसाला सांगावे तसे नीट समजावून सांगितले. नवख्या हाताने आधी लांब बंदूक घ्यावी. ती दोन हातांनी धरावी लागते, तिचे तोंड कुठे आहे ते चारचौघांना दिसते. लहान हत्यार मनगटाबरोबर फिरते, आणि नवख्याचे मनगट कुठे फिरेल याचा त्यालाही पत्ता नसतो. रावजीने मान हलवली. त्याचे म्हणणे, बांधाची वाट वीतभर रुंद, एका हातात कंदील, दुसऱ्यात फावडे, तिथे लांब बंदूक चिखलातच जाणार. कंबरेला बसेल अशीच हवी.

"पन चालवनार कोनावर?" दुकानदाराने विचारले.

"डुकरावर."

दुकानदाराने चष्मा काढून पुसला. "पाटील, डुकरावर पिस्तूल कोन घेते? तुमचा डुकर काय समोर खुर्ची टाकून बसते?"

आवडाबाईने तोंडाला पदर लावला. पण ती हसली नाही. तिने नवऱ्याकडे पाहिले आणि बराच वेळ ती नजर काढली नाही. काचेतून मला तिचे तोंड स्पष्ट दिसत होते.

दुकानदाराने तीन पिस्तुली काढून मेजावर ठेवल्या. पहिली लष्करातली, जाडजूड. रावजीने ती उचलली आणि हात लांब करून भिंतीवरच्या घड्याळावर धरली. पोती उचलणारा हात, पण लांब केल्यावर थोड्याच वेळात तो घड्याळावरून खाली खाली येत दुकानदाराच्या टोपीवर आला. दुकानदाराने शांतपणे तिचे तोंड बाजूला वळवले आणि ती परत ठेवून दिली. जड हत्याराचा धक्का मनगटाला सोसत नाही, मग बार काढण्याआधीच माणूस डोळे मिटतो, असे तो म्हणाला.

दुसरी चपटी, देखणी. तिच्या गोळ्या मुठीत भरतात. रावजीला ती फार आवडली. दुकानदाराने मुठीतला गोळ्यांचा खोका काढून बाजूला ठेवला आणि विचारले, आता ही रिकामी झाली का? रावजी म्हणाला, झाली. मग दुकानदाराने तिची वरची पट्टी मागे ओढली, तर आतून एक खोटी पितळी गोळी टणकन मेजावर पडली. पहिलीच पिस्तूल घेणाराने ही घेऊ नये, असे त्याने सांगितले. हिच्यात एक गोळी लपून राहते, आणि घरात जीव जातो तो बहुधा रिकाम्या समजलेल्या हत्याराने.

तिसरी मी. मला उघडले की माझी सहाही घरे उजेडात येतात. भरलेले भरलेले दिसते, रिकामे रिकामे दिसते. माझ्यात लपवायला जागा नाही. दुकानदाराने रावजीच्या हातात मला दिले आणि नियम सांगितले. कुणी कितीही शपथेवर रिकामी आहे म्हणाले तरी उघडून स्वतः पाहायचे. ज्याच्यावर उडवायची नाही त्याच्याकडे तोंड करायचे नाही, चेष्टेनेही नाही. नेम धरेपर्यंत बोट घोड्याच्या चापावर जाता कामा नये. पिस्तूल एका जागी आणि गोळ्या दुसऱ्या जागी, तेही कुलपात.

रावजी अजून चपटीकडेच पाहत होता. तेव्हा आवडाबाईने पुढे होऊन मला उचलले, बाजारात मासा तोलून पाहावा तसे तळहातावर तोलले.

"हीच घ्या," ती म्हणाली. "हिला उघडली की पोटातलं समदं दिसतंय. तुमच्यासारखी न्हाय."

दुकानदार मोठ्याने हसला. रावजी हसला नाही, पण त्याने मलाच घेतले. मित्रांनो, त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. माझी निवड झाली होती. इतक्या जणींतून मला पारखून घेतले होते. ज्या हाताने मला घेतले त्याच्या मनात काय आहे, ते मला त्यानंतर कळत गेले.

गावात माझे कौतुक झाले. पाटलाने सहाबारी आणली, म्हणून माणसे अंगणात येऊन बसली. रावजीने खाडीच्या काठी एका खुंटावर नारळ ठेवला आणि लोकांना लांब उभे करून पहिला बार काढला. नारळ जागचा हलला नाही. बगळे मात्र सगळे उठले, रावजीचे मुंडासे मागे पडले आणि कुणाची तरी म्हैस दावे तोडून गेली ती संध्याकाळी चौलच्या वाटेवर सापडली. पुढचे दोन बारही असेच गेले. मग लोकच म्हणाले, की राहू दे पाटील, डुकरांना आवाज पोचला. अंबाजी आपल्या ओट्यावर बसून जाळे विणत होता. त्याने मान वर केली नाही.

रावजी माझी निगा फार मनापासून राखत असे. दुकानदाराने दिलेली तेलाची बाटली लवकरच संपली. ते तेल पुन्हा मुंबईहून आणायचे. पण चौलकडच्या घाण्याचे खोबरेल घरात कधी संपत नसे. त्या मुलखात केसांना खोबरेल, दिव्याला खोबरेल, कुलपाला खोबरेल, पाळण्याच्या कडीला खोबरेल. मग रावजीने मलाही तेच लावायला सुरुवात केली. दर आठवड्याला तो ते पिसाने माझ्या सांध्यासांध्यांत सोडी. चापाच्या फटीत, घोड्याच्या खाली, चक्रीच्या कण्यावर. दसऱ्याला मला पाटावर ठेवून हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेवले आणि वर पुन्हा तेलाचा हात फिरवला. मी लखलखत असे. अंगाला वास छान येई. मी समजत होते, की इतके लाड कुठल्याच पिस्तुलीचे झाले नसतील. तो तेल लावताना मात्र कधी बोलत नसे. कुडाच्या भिंतीकडे, अंबाजीच्या घराच्या बाजूला बघत तो तेल लावी. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

चौपन्नच्या पावसाळ्यात बांध त्याच जागी पुन्हा पाझरू लागला. पुन्हा रावजीच्याच शेतात पाणी. जोळ लावून माती टाकली, ती टिकली नाही. सदाने पुन्हा सांगितले, की अंबाजी पहाटेचा तिकडे असतो. यावेळी रावजीने त्याला पुढे बोलू दिले नाही. भात कापून झाले. पौष आला. त्या वर्षी गारठाही असा पडला, की पहाटे खाडीवर धुके दाटून यायचे आणि म्हातारी माणसे उन्हे चढेपर्यंत शेकोटी सोडत नसत.

पौषातल्या अवसेच्या दिवशी उजाडता उजाडता रावजीने पेटी उघडली. मला काढले, दुसऱ्या पेटीतून गोळ्या काढल्या आणि माझी सहाही घरे भरली. डुकराला जातो, असे त्याने सांगितले. आवडाबाई चुलीपुढून उठून दारात येऊन उभी राहिली. तिने त्याला अडवले नाही. अडवून तो थांबला नसता, हे तिला ठाऊक होते.

"अंबाजी भावजी तुमच्या पाठचे हायेत," ती म्हणाली. "म्हातारीनं मरताना त्यांचा हात तुमच्या हातात दिला होता. एवढं ध्यानात ठेवा आनि मग जा."

 रावजी गेला.

ओहोटी पुरी लागली होती. खाडीचा तळ उघडा पडून काळा चकाकत होता. बांधावरून चालताना त्याच्या कंबरेला मी गार दगडासारखी लागत होते. धुके इतके होते, की उघाडीचे खांब जवळ गेल्यावरच दिसले. आणि खांबांच्या शेजारी, कांबळे पांघरलेला एक माणूस बांधावर वाकून फावडे चालवत होता. पाठमोरा होता. पण भाऊ पाठमोराही ओळखू येतो. रावजी जागच्या जागी उभा राहिला.  त्याने मला बाहेर काढले, दोन्ही हातांत धरले, आणि दुकानदाराने सांगितले होते तसे बोट अगदी शेवटी चापावर नेले.

मित्रांनो, आम्हा हत्यारांना नाही म्हणता येत नाही. चाप ओढला की घोडा पडणार, घोडा पडला की बार उडणार, एवढेच आम्हाला शिकवलेले. नारळ हुकला होता, पण इथून तो हुकणार नव्हता. त्याने चाप ओढला.

माझा घोडा वर गेला तोच मुळी अडखळत गेला. आणि खाली आला तो पडला नाही, म्हातारे माणूस गुडघे धरून पाटावर टेकावे तसा टेकला. गोळीच्या बुडाला नुसता टिचका लागला. बार झाला नाही. रावजीने पुन्हा ओढला. पुन्हा तसेच. वर्षभर माझ्या सांध्यांत सोडलेले ते सगळे खोबरेल पहाटेच्या गारठ्याने थिजले होते. माझ्या पोटात पांढरी चरबी भरल्यासारखी झाली होती. माझ्यातला एकही भाग जोराने हलायला तयार नव्हता.

टिचक्याचा आवाज त्या शांततेत अंबाजीला ऐकू गेला असावा. त्याने मान वळवली. धुक्यात त्याला फक्त कुणीतरी उभे असल्याचे दिसले, मग तो भाऊ आहे हे दिसले. दोन वर्षे आणि वर काही महिने तो या भावाशी बोलला नव्हता.

"आलास?" तो म्हणाला. "उभा काय ऱ्हायलास? तो पेंढा दे हिकडं. दुपारचं उधान चढायच्या आत बुजवाया पायजे."

रावजी पाहतच राहिला. मीही त्याच्या हातातून पाहत होते. अंबाजीच्या पायाशी चिखलाचा ढीग होता, पेंढ्याची मोळी होती. तो बांधातून माती काढत नव्हता. तो बांधावर माती घालत होता. बांधाच्या पोटात मनगट जाईल एवढे भोक होते, आणि त्यातून खारे पाणी शेताकडे झिरपून आत चिखल झाला होता.

 रावजी बांधावर बसला. मी त्याच्या हातातून सुटून चिखलात पडले. मग तो उठला, मोळी उचलली आणि भावाला पेंढा देऊ लागला. अंबाजी पेंढ्याचा बोळा चिखलात मळून भोकात कोंबत होता आणि वरून टाचेने दाबत होता. दाबता दाबता आतून एक मोठा लाल खेकडा नांग्या वर करून बाहेर आला.

"ह्यो बघ," अंबाजी म्हणाला. "सदाला सांग, चोर गावला. ह्यानं पार पोखरलाय बांध. बावन्न सालापासनं बुजवतोय मी हितं. येका बाजूनं बुजवला की दुसऱ्या बाजूनं निघतोय."

मग सांगितले नाहीस का, असे रावजीने विचारले. अंबाजी म्हणाला, की आधी आपले बोलणे तुटले, मग जोळाची हाळीही माझ्या दारी येईना, मी कुणाला सांगू? पण बांधामागे माझेही शेत आहे. माझ्या घरचा माणूस बांधाला लागलाच पाहिजे. म्हणून कुणी उठायच्या आत येऊन आपला वाटा टाकून जातो.

काम उरकले तेव्हा धुके उतरू लागले होते. अंबाजी हात धुवायला वाकला आणि त्याचे लक्ष माझ्याकडे गेले. त्याने मला उचलले. रावजीने हात पुढे केला, मग मागे घेतला. अंबाजीने मला वास घेऊन पाहिले. नख घालून माझ्या फटीतले पांढरे खोबरेल थोडे उकरले. मग मला उघडले. माझी सहाही घरे उजेडात आली. दोन गोळ्यांच्या बुडाला बारीक खळगे पडले होते. तो त्या खळग्यांकडे पाहत राहिला. माझ्यात लपवायला जागा नाही, हे मी तुम्हाला सांगितलेच आहे. त्या घटकेला मात्र ती असती तर बरे, असे मला वाटले.

"खोबरेल गारठ्यात थिजतंय," अंबाजी शेवटी म्हणाला. "तुला ठावं न्हवतं?"

"न्हवतं," रावजी म्हणाला. 

"बरं झालं."

त्या गोष्टीबद्दल याहून जास्त तो कधीच काही बोलला नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. त्याने सगळ्या गोळ्या काढून रावजीच्या हातात दिल्या, त्या दोन तेवढ्या ठेवून घेतल्या, आणि त्या लांब खाडीत फेकून दिल्या. रावजी तोंड झाकून रडला. अंबाजी बांधाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन काहीतरी दुरुस्त असलेलेच पुन्हा दाबत राहिला, भावाचे रडणे संपेपर्यंत.

घरी आवडाबाई अंगणात उभी होती. बार ऐकू येतो का म्हणून ती सकाळभर कान देऊन होती. बांधावरून येणारी माणसे दोन आहेत, हे तिने पाहिले आणि तिथेच जमिनीला हात लावून नमस्कार केला. काय झाले हे तिने विचारले नाही. दोघांच्या अंगावरचा चिखल पाहून तिने न्हाणीत पाणी ठेवले आणि आतून हाक मारून सांगितले, की भावजी, जेवल्याशिवाय जाल तर बघा. अंबाजी जेवला. जेवताना दोघे खेकड्याबद्दलच बोलत होते.

मला तिने कोयत्यासारखे राखेने घासले, पाण्याने खंगाळले आणि उन्हात ठेवले. पिस्तुलीला असे करू नये. पण त्या दिवशी तिने मला कसेही घासले असते तरी मला चालले असते. दुसऱ्या दिवशी रावजीने स्वतः अंबाजीच्या दारात उभे राहून जोळाची हाळी दिली. मोठ्याने दिली, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी. बांधावर सगळे गाव लागले आणि ते भोक दगड घालून कायमचे बुजवले. सदा सर्वांत जास्त माती वाहत होता. लोक त्याला खेकडे पकडायला पाठवत होते.

उरलेल्या गोळ्या रावजीने ठाण्यात नेऊन जमा केल्या. परवाना मात्र त्याने ठेवला, त्यामुळे मीही राहिले. मला फडक्यात बांधून माळ्यावर, भाताच्या कणगीमागे ठेवले. मग माझी विस्मृतीची वर्षे सुरू झाली. दसऱ्याला पाटावर कोयते, फावडी आणि जाळे ठेवत, मला खाली काढत नसत. सुरुवातीला मला वाईट वाटले. माझ्या लाडांची मला सवय झाली होती. चक्री हळूहळू जाम झाली, घोडा कण्यात रुतला. खाऱ्या वाऱ्याने अंगावर एक डाग पडला, मग दुसरा. पण प्रत्येक डागाबरोबर मला हलके वाटत गेले. खालून मला दोन्ही भावांचे बोलणे ऐकू येई. भाताबद्दल, उधाणाबद्दल, नातवंडांबद्दल. कधी भांडतही. भांडण चांगले जोरात होई, आणि कुणी माळ्याकडे पाहत नसे.

रावजी गेल्यावर परवाना संपला. मला ठाण्यात जमा करायला अंबाजी आला. फडक्यात बांधून, काखेत धरून तो मला रेवदंड्यापर्यंत पायी घेऊन आला. फौजदार तरुण होता. त्याने मला पाहिले आणि हिने काय काय मारले म्हणून विचारले.

"नारळ," अंबाजी म्हणाला. "त्योबी चुकला."

फौजदार हसला. त्याने मला चिठ्ठी बांधली आणि कपाटात ठेवले. दार लावण्याआधी अंबाजीने मला एकदा हात लावला. घरच्या बैलाला निरोप देताना लावतात तसा.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा असे तुम्हाला मोठी माणसे सांगतात. ते खरे आहे. कोयत्याला धार लावा, होडीला डांबर लावा, बांधावर माती घाला. पण माझ्यासारखीला घरात आणायचे असेल तर दुकानात हात तपासून घेण्याआधी घरी बसून मन तपासून घ्या. ज्याच्यासाठी मला आणायचे वाटते, त्याच्या ओट्यावर एकदा जाऊन बसा. बांध कोण फोडतो ते वाकून, भोकात हात घालून पाहा. माझ्या रावजीला एका चुकीने वाचवले. तुम्ही खोबरेलाच्या भरवशावर राहू नका. माझ्यावर चढलेला हा गंज कुणी पुसू नये, एवढीच माझी विनंती आहे.

आवडाबाई अजून आहे. रावजी पाटील एकोणीसशे चौसष्ट साली आषाढात, दम्याने, आपल्या घरी वारला. त्याला अंबाजीने खांदा दिला. अंबाजी एकोणीसशे अडुसष्ट साली फाल्गुनात वारला. तो म्हातारा होऊन वारला.